नाई केलं तं चालते

भाची दहावीला आहे. शनिवारी दुपारची एसटी धरून ती माझ्याकडे यवतमाळला येते आणि रविवारी संध्याकाळी दारव्ह्याकडच्या आमच्या गावी परत जाते. मधल्या वेळात इंग्रजी होतं, थोडं गणित होतं, बाकी वेळ ती माझ्या मोबाइलवर मेंदीच्या डिझाइन पाहते. गेल्या महिन्यात तिच्या वहीत एक वाक्य दिसलं. प्रश्न होता, नकारार्थी करा: 'यू मस्ट वॉटर द प्लांट्स टुडे.' तिनं लिहिलं होतं, 'यू मस्ट नॉट वॉटर द प्लांट्स टुडे.' बाजूला सरांची बरोबरची खूण. बरोबरच आहे ते. 'मस्ट'ला 'नॉट' जोडलं, वाक्य नकारार्थी झालं, एक मार्क.

मी सहज विचारलं, "याचा अर्थ काय झाला वं?"

"आज झाडाले पानी नाई देलं तं चालते."

मी वही मिटून बाजूला ठेवली. तिला वाटलं मी रागावले. पण तिच्याच वयाची असताना नेमकी हीच चूक मी केली होती, आणि तिची किंमत एक मार्क नव्हती. ते पुढं सांगते.

"चालते नाही," मी म्हटलं. "द्यायचंच नाही. आज पाण्याला हात लावायचा नाही, असं म्हणतोय तो."

"कोन?"

"इंग्रज."

"मंग नाई देलं तं चालते, याले थो काय म्हनते?"

"यू नीड नॉट वॉटर. नाहीतर यू डोन्ट हॅव टू वॉटर."

तिनं दोन्ही वाक्यं लिहून घेतली, पेन तोंडात धरून पाहत बसली आणि म्हणाली, "अन् मस्ट कुठं गेला?"

मी वीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते आहे. इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

या क्रियापदांना पोरं 'मोडल' म्हणतात, आणि काहीतरी मोडलेलं असावं म्हणून हसतात. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. हे नऊ जण घरचे, आणि 'नीड', 'ऑट', 'डेअर' असे दोनतीन जण पंगतीला येऊन-जाऊन. बाकीच्या क्रियापदांची शिस्त यांना नाही. 'ही गोज'मधला एस यांना लागत नाही. नकार करायला हे 'डू'ची मदत घेत नाहीत, 'नॉट' थेट शेजारी येऊन बसतं. 'कॅन'ला तर ते इतकं चिकटतं की 'कॅनॉट' हा एकच शब्द लिहितात. शिकवायला सोपं प्रकरण, म्हणून बहुतेक शिक्षक अर्ध्या तासात उरकतात. मीही वर्षानुवर्षं उरकलं.

होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' सख्खे भाऊ. 'आय मस्ट गो' काय आणि 'आय हॅव टू गो' काय, दोन्ही म्हणजे मले जा लागते. एका चुलीवर जेवतात. पण मध्ये 'नॉट' आलं की वाटण्या होतात. 'मस्ट नॉट गो' म्हणजे न जाणं भाग आहे. 'डोन्ट हॅव टू गो' म्हणजे जाणं भाग नाही. पहिल्यात नकार जाण्यावर बसला, दुसऱ्यात सक्तीवर. पहिल्यानं दार लावलं, दुसऱ्यानं उघडं टाकलं. भाचीला ही दोन मराठी वाक्यं एकाखाली एक लिहून दिली तेव्हा ती म्हणाली, "असं तं आपल्याले येतेच." येतंच की. 'करू नये', 'करावं लागत नाही', 'नाही केलं तरी चालतं' यांत मराठी पोरगं जन्मात गोंधळत नाही. गोंधळ इंग्रजीत होतो, कारण तिथं 'नॉट' दिसतं एका शब्दाशेजारी आणि काम करतं दुसऱ्यावर.

आपलंही सगळं सरळ आहे असं नाही. आमच्या वऱ्हाडीत 'हे कराचं नाई' म्हटलं तर ती मनाई. 'मले हे कराचं नाई' म्हटलं की झाली इच्छा, किंवा हट्ट. 'मले' एवढं एक अक्षरजोड आलं आणि नकाराचा मालक बदलला. 'नको'चं तर विचारू नका. चहा नको, आणि जाऊ नको. पहिल्यात माझी इच्छा, दुसऱ्यात तुझ्यावर बंदी, शब्द एकच. इंग्रजाचं पोरगं मराठी शिकायला बसलं तर त्यानं कुठं रडावं?

'मस्ट'ची आणखी एक खोड. अंदाज करायलाही तो लागतो. 'ही मस्ट बी ॲट होम', घरीच असला पाहिजे. हे नकारार्थी करा म्हटलं तर बहुतेक वेळा 'मस्ट' पुन्हा पळतो आणि 'कान्ट' येतो: 'ही कान्ट बी ॲट होम.' इथं मला आपलं 'नसणे' फार श्रीमंत वाटतं. नसेल, नसावा, नसता, नसायचा. नकार क्रियापदाच्या पोटातच आहे आणि तो प्रत्येक अर्थाचा सदरा घालून फिरतो. दुसऱ्याचं दार वाजवावं लागत नाही.

माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, आमची बॅच शाळेतून निघून गेल्यावर. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य तोंडात आलं ते दहाव्या-अकराव्या वर्षी: मे आय कम इन सर. त्यातला 'मे' कुठला आणि 'आय' कुठला याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. 'मेआयकमिन्सर' असा एकच शब्द होता, दाराची कडी वाजवल्यासारखा. आतून 'येस' यायचं. न आलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

आमच्या वर्गात एक पोरगा होता, सकाळी ढोरं सोडून, शेण काढून मग शाळेत यायचा. रोज उशीर. एकदा सर कशानं तरी पेटलेले होते. त्यानं कडी वाजवली, मेआयकमिन्सर, आणि सर ओरडले, "नो, यू मे नॉट!" पोरगा आत आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. वर्ग चिडीचूप. सर म्हणाले, काय म्हटलं मी तुला? तो उभा राहिला. म्हणाला, "सर, तुमीच सांगतलं होतं ना, मे म्हंजे कदाचित. इट मे रेन, कदाचित पाऊस येईन. तं तुमी म्हटलं, तू कदाचित नाई येनार. पन मी आलो."

सर फळ्याकडं तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. फळा कोराच होता.

आता वाटतं, तो पोरगा फारसा चुकला नव्हता. 'इट मे नॉट रेन' यात 'नॉट' पावसाला लागतं: पाऊस न येण्याची शक्यता आहे. 'यू मे नॉट कम इन' यात ते परवानगीला लागतं: यायची परवानगी नाही. शब्द तेच, क्रम तोच. कोण बोलतंय, कोणत्या आवाजात, यावर ठरतं. कागदावर आवाज नसतो.

त्याच्या 'पाऊस येईन'वर पुण्याकडचे लोक हसतील. प्रमाण मराठीत मी येईन आणि तो येईल. आमच्याकडं मीही येईन, तोही येईन, आणि मृगात नाही तर आर्द्रात पाऊसही येईन. इंग्रजीतही हाच घोळ घालून ठेवलेला आहे. 'आय शॅल, ही विल' हा नियम आम्ही घोकला होता. १६५३ मध्ये जॉन वॉलिस नावाच्या माणसानं तो व्याकरणात मांडला. हा वॉलिस गणिती. अनंताची खूण, तो आडवा निजलेला इंग्रजी आठ, तीही त्यानंच दोन वर्षांनी आणली. अनंत टिकलं, 'शॅल'चा नियम टिकला नाही. आता 'आय विल, ही विल', सगळ्यांना एकच. म्हणजे शेवटी इंग्रजही वऱ्हाडीच बोलायला लागले.

भाचीच्या 'मस्ट कुठं गेला'नंतर मी या नऊ जणांची कुळं पुन्हा काढून बसले. कॉलेजात असताना वाचलं होतं, पण तेव्हा परीक्षेपुरतं. 'कॅन' मुळात 'जाणणे'. आय कॅन म्हणजे मला माहीत आहे, म्हणून जमतं. आपण नाही का म्हणत, तिला इंग्रजी येतं, तिला पोहता येतं? त्या 'येण्या'तही जाणणं आणि जमणं एकत्रच आहे. फक्त आपण पुढं वाटण्या केल्या. पोहता येत नाही म्हणजे शिकलेच नाही. पोहू शकत नाही म्हणजे येतं, पण आज ताप आहे किंवा विहिरीला पाणी नाही. आणि आजी म्हणायची तसं 'मले चालवत नाई' म्हणजे पाय आहेत, वाट आहे, मनही आहे, अंग ऐकत नाही. इंग्रजी या तिघींना एकाच 'कान्ट'च्या खोलीत झोपवते.

'कुड'मधला मुका एल हा पोरांचा आवडता प्रश्न. सर, उच्चारत नाही तर लिहिता काहून? 'वुड' आणि 'शुड'मधला एल खरा आहे, 'विल' आणि 'शॅल'कडून वारशानं आलेला. 'कॅन'मध्ये एल कुठं आहे? 'कुड'नं तो शेजाऱ्यांचं पाहून लावून घेतला. शेजारच्या दोघांच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला की तिसरा कर्ज काढून आणतो, तसं. उभाच आहे, चालवत कोणी नाही.

पण सगळ्यात जास्त मी थांबले ती 'शॅल'पाशी. 'शॅल'चा जुना अर्थ, देणं असणं. ऋण. 'आय शॅल' म्हणजे मी देणं लागतो. हे वाचलं आणि आपला 'लागणे' आठवला. मी त्याचे शंभर रुपये देणे लागते, मला जावं लागतं, भूक लागते, गाडी धक्क्याला लागते. देणं आणि सक्ती एकाच क्रियापदावर इंग्रजीनं ठेवली तशी मराठीनंही ठेवली, एकमेकींना न विचारता. जो देणं लागतो त्याला करावं लागतं. आमच्या भागात हे समजवायला भाषाशास्त्र नको.

भावाच्या कर्जाचा कागद मी एकदा सबंध वाचला होता. द बॉरोअर शॅल, द बॉरोअर शॅल, पान भरून. बँकेच्या वाट्याला मात्र 'मे'. द बँक मे अमुक, द बँक मे तमुक. भावानं सही करताना विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तुला लागतं, त्यांना चालतं. तो म्हणाला, "हे तं वाचल्याशिवायही माहीत होतं."

याच 'शॅल'चं दुसरं रूप आमच्या घरात फार आधी आलं होतं, इंग्रजीचा गंधही नसताना. १४ ऑक्टोबर १९५६, दसरा. आजी-आजोबा नागपूरला गेले होते, दीक्षेला. आजीला अक्षरओळख नव्हती, पण बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा पाठ. मी चोरी करणार नाही. मी खोटे बोलणार नाही. मी दारू पिणार नाही. रोज संध्याकाळी दिवा लागला की ओट्यावर बसून म्हणायची, आणि दारूच्या ओळीला आवाज थोडा चढवायची, कारण समोरच्या घरात गिऱ्हाईक होतं. इंग्रजीत या प्रतिज्ञा 'आय शॅल नॉट' अशा येतात. पुष्कळशा नकारार्थीच. मी शिकवायला लागल्यावर कधीतरी लक्षात आलं की आजीच्या लहानपणी तिच्या कानावर पडलेले नकार वेगळ्या घडणीचे होते. विहिरीवर जाऊ नये. शिवू नये. पुढून चालू नये. 'नये' हा विचित्र शब्द आहे. त्यात कोणी जायचं नाही ते सांगता येतं, पण कोणाच्या हुकमानं ते कुठंच नसतं. जाऊ नये, बस. 'करणार नाही' म्हणायला मात्र आधी 'मी' म्हणावं लागतं. आजी तो 'मी' फार ठासून म्हणायची. लहानपणी आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.

आणि राज्यघटनेचा १४वा अनुच्छेद: द स्टेट शॅल नॉट डिनाय. राज्य कोणालाही कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. 'शॅल'चा जुना अर्थ धरून वाचलं तर इथं देणेकरी कोण आहे ते पाहा. भावाच्या कर्जाच्या कागदाच्या नेमकं उलट.

आता ती चूक.

१९९६चा खरीप. मी नववीत. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये, त्याआधीचे हे दिवस. बोंडअळीवर फवारे मारून मारून माणसं थकत. औषध म्हणायचे त्याला, अजूनही म्हणतात. विषाला औषध म्हणायची आमची जुनी सवय. बाबांनी कृषी केंद्रातून नवीन बाटली आणली. सोबत घडी घातलेला कागद, मुंगीएवढ्या अक्षरांचा, चारपाच भाषांत. झाकण गळकं होतं, मराठीचा भाग भिजून लगदा झालेला. इंग्रजी शाबूत. बाबा दिव्याजवळ बसले आणि म्हणाले, "वाच तं माय. तू शिकून राहिली ना इंग्रजी."

आई चुलीपाशी, मोठे बाबा ओट्यावर, भाऊ दाराशी. सगळे ऐकताहेत. मी वाचत गेले, जे समजलं ते सांगितलं, जे नाही ते गाळलं. एका ओळीवर आले: शुड नॉट बी मिक्स्ड विथ एनी अदर केमिकल. 'शुड' म्हणजे पाहिजे, हे पाठ होतं. 'नॉट' म्हणजे नाही. मिसळलं पाहिजे, नाही. मिसळलंच पाहिजे असं नाही. मी ठणकावून सांगितलं, "दुसरं औषध मिसळलं नाई तं चालते."

"अन् मिसळलं तं?"

"चालन."

हे 'चालन' कागदावर कुठंच नव्हतं. ते माझं. मला शंका आली होती, खरं सांगायचं तर. 'शुड'चा नकार असा होतो का, हे मी मनात एकदा घोळवलंही. पण सगळे ऐकत होते आणि मी शिकलेली होते.

बाबांनी तेच केलं जे कोणीही केलं असतं. आधीची एक अर्धी बाटली होती, एक टॉनिकचा डबा होता. एकाच पंपात सगळं घालून एका हातानं फवारलं, एका दिवसाची मजुरी वाचली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी पात्या गळायला लागल्या. दोन एकर. धुऱ्यावर येऊन प्रत्येक जण निदान करून जायचा. कोणी म्हणे लाल्या, कोणी म्हणे बियाणंच खोटं, कोणी म्हणे नजर. बाबा काही बोलत नव्हते. एका संध्याकाळी तो कागद खिशात घालून ते शाळेतल्या सरांच्या घरी गेले. त्याच सरांच्या, ज्यांनी कोरा फळा पुसला होता.

परत आले तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. ते खाटेवर बसले, चप्पल काढली, पाय पुसले. मग म्हणाले, "समजलं नसन तं समजलं नाई म्हनाचं होतं."

एवढंच. त्यांनी रागवायला पाहिजे होतं. रागावले असते तर मी रडले असते आणि ते संपलं असतं.

पुढच्या फवारणीच्या वेळी त्यांनी पुन्हा कागद माझ्यापुढं धरला. मी हात मागं घेतला. "वाच," म्हणाले, "नाई समजलं तं नाई म्हन." त्या कागदावरच्या चार ओळींना मी 'नाई समजलं' म्हटलं. त्यांनी त्या चार ओळींना पेनानं खुणा केल्या आणि कागद पुन्हा सरांकडं नेला.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कारणं पुष्कळ बोलली गेली. माणसाच्या डोक्यावर गेलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला नुसता रुमाल. मी पेपर वाचायची आणि मला तो कागद दिसायचा. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लालवर कवटी आणि हाडं. ज्यानं कोणी ते ठरवलं त्याला ठाऊक असावं की अक्षरं वाचली जाणार नाहीत. त्रिकोणात 'शुड' नाही, 'मस्ट' नाही. पण 'दुसरं मिसळू नका' हे त्रिकोणात सांगायचं कसं? ते शेवटी त्या मुंगीच्या अक्षरांतच राहतं.

चूक फक्त इंग्रजीत होते असं मात्र मी आता म्हणत नाही. २०२०च्या खरिपापासून पीकविमा कर्जदार शेतकऱ्यांना ऐच्छिक झाला. त्याआधी कर्ज काढलं की विमा कापलाच जायचा. बातमी आली, 'विमा आता बंधनकारक नाही.' आमच्या पारावर पोचेपर्यंत तिची 'यंदा विमा नाई' झाली होती. शुद्ध मराठी वाक्य, शुद्ध मराठी माणसं, आणि 'नाही' बंधनावरून घसरून विम्यावर जाऊन बसलं. मी पारावर जाऊन समजावलं की सक्ती गेली, विमा आहे. आणि ज्या कर्जदाराला नको असेल त्यानं मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेत तसं लिहून द्यायचं, नाही दिलं तर कापलाच जाईल. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे नको म्हनालेही अर्ज करा लागते?" हाव, म्हटलं. "अन् हो म्हनाले?" काहीच नाही करा लागत. तो हसत सुटला, मला कितीतरी वेळ कळेना का.

'मस्ट'ची वंशावळ त्या दिवशी सांगायचा मोह झाला होता, पण पार ही काही शिकवणी नाही. 'मस्ट' ज्या जुन्या शब्दाचं भूतकाळी रूप आहे त्याचा अर्थ होता मुभा असणं, परवानगी असणं. मुभेची हळूहळू सक्ती झाली. गावातल्या वर्गणीचं असंच होतं. पहिल्या वर्षी ज्याला द्यायची त्यानं द्या, चौथ्या वर्षी घरावर यादी.

भाचीला मी यातलं बरंच सांगितलं. कागदाची गोष्ट तिला माहीत नव्हती. आजोबांनी कधी काढलीच नाही म्हणे. ती गप्प झाली. मग तिनं वहीतल्या त्या वाक्यापुढं कंसात मराठीत लिहिलं, 'पाणी देऊ नये', आणि सरांच्या बरोबरच्या खुणेला हात लावला नाही.

मागच्या शनिवारी रात्री बाबांचा फोन आला. पंच्याहत्तरीला टेकलेत. वेचणी लागली आहे, मजूर मिळत नाही, मोठ्या गाठोड्याचा काटा भाऊ एकटाच करतो, भाव अजून पडलेलाच, मांजरीला चार पिल्लं झाली. मी पायाचं विचारलं. "चालवते अजून," म्हणाले. मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"उद्या ऐतवार हाये ना?"

"हो."

"नाई, तुहा क्लास असन. पोरीची परीक्षाही हाये. नाई आली तं चालते."

"बघते बाबा."

"हाव. नाई आली तं चालते," ते पुन्हा म्हणाले आणि फोन ठेवायला त्यांना नेहमीसारखा वेळ लागला.

भाची अंथरुणात उताणी पडून छताकडं पाहत होती. स्पीकर चालू होता, तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "यू नीड नॉट कम. बरोबर ना आत्या?"

"व्याकरणानं बरोबर," मी म्हटलं, आणि सकाळची पहिली दारव्हा गाडी किती वाजता लागते ते तिला विचारलं.

"सव्वासहा."

मी गजर पाचचा लावला.